थांब ना भो, नवीन येऊन राहिलं

जामनेरात नवी गाडी घेतलेल्या माणसाने ती आधी मारुतीच्या देवळासमोर उभी करावी, मग घरी आणून ओवाळून घ्यावी, हवं तर पहूरपर्यंत एक चक्कर मारून यावं. पण आमच्या आळीतून नेऊ नये. आळीत ओट्यावर नाना बसलेले असतात. नाना उठतील, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतील, सीटवर थाप मारतील, किंमत विचारतील. किंमत ऐकून झाली की मान हलवून, घरातलं कोणी गेल्याच्या आवाजात म्हणतील, "दोन महिने थांबला असता ना भो. नवीन येऊन राहिलं होतं."

पेढा मात्र घेतील. आणि पुढचे आठ दिवस त्या बिचाऱ्याला आपल्या गाडीत काहीतरी कमी असल्याचं जाणवत राहील.

नाना कंजूष नाहीत, हे आधी सांगितलं पाहिजे. वर्गणी मागायला गेलेल्या पोरांना ते कधी रिकामं पाठवत नाहीत. त्यांची अडचण पैशांची नाहीच, वेळेची आहे. कुठलीही वस्तू घ्यायची योग्य वेळ ही नेहमी पुढच्या मॉडेलची असते, असा त्यांचा सिद्धांत आहे आणि त्याला पुरावाही आहे. 1982 साली एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. त्याच्या थोडं आधी शेजारचे आप्पा ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही आणायला जळगावला निघाले होते, त्यांना नानांनी स्टँडवरून परत आणलं. सल्ला अगदी बरोबर निघाला. सगळा घोटाळा तिथेच झाला. आप्पांनी रंगीत घेतला, नानांनी रिमोटवाल्यासाठी थांबायचं ठरवलं. रिमोट आला तोवर चपट्या पडद्याची बातमी आली, तो आला तोवर एलईडीची. 'रामायण' त्यांनी आप्पांच्या घरी पाहिलं, 'महाभारत'ही तिथेच, आणि वर्ल्ड कपची फायनल आजही तिथेच बघतात. मध्येच आप्पांना सांगतात, "हा टीव्ही आता जुना झाला हं तुमचा."

हा स्वभाव आला कुठून म्हणाल तर कापसातून. खान्देशात वेचणी झाली की कापूस ताबडतोब विकणारा शेतकरी एक तर अडलेला असतो, नाहीतर भोळा, असं नानांचं मत. बाकीचा कापूस घरात. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, मागच्या खोलीत माणसं, आणि त्यातल्या किड्यांमुळे सगळ्यांच्या अंगाला खाज. पाहुणे आले तरी खाजवतच गप्पा मारतात. 2022 च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा थांबलेल्यांचं सोनं झालं आणि नाना दोन महिने छाती काढून चालत होते. त्या एका वर्षाने खान्देशातली बरीच माणसं बिघडली, नाना आधीच बिघडलेले होते, ते पक्के झाले. पुढच्या हंगामात अर्ध्या जिल्ह्याने कापूस घरात दाबून ठेवला आणि भाव खाली खाली येत गेला. नानांनी तो शेवटी मे महिन्यात, वजन घटल्यावर विकला. "अजून पंधरा दिवस थांबलो असतो तर," एवढंच म्हणाले.

गावानेही त्यांना साथच दिली आहे म्हणा. पाचोरा-जामनेरची आमची पीजे, ती शंभरएक वर्षं धावलेली नॅरोगेजची गाडी, 2020 च्या मार्चमध्ये करोनात थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज होणार, पुढे बोदवडपर्यंत जाणार. आख्खं जामनेर हळहळलं, शेवटच्या डब्याचे फोटो काढलेल्यांनी ते पुन्हा पुन्हा पाठवले. नाना एकटे शांत होते. गाव अखेर त्यांच्या मार्गाला लागलं होतं.

तर अशा माणसाच्या हातात वायरलेस चार्जिंग आलं.

झालं असं की पुण्याच्या मुलाने दिवाळीला विषय काढला. नानांची लुना वडिलांच्या काळातली. ती आता पायडलवरच जास्त चालते, आणि बाजारात जायला निघालेले नाना बाजार उठल्यावर पोचतात. मुलगा म्हणाला, "इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन देतो. ई-लुनासुद्धा आली आहे, 2024 पासून. तुमचीच लुना, फक्त बॅटरीवर." नाना तयार होतील असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी विचारलं, "वायर लावावी लागते का तिला?"

"लागणारच. मोबाइलला लावतो तशी."

"मग थांब ना भो. बिनवायरीची येऊन राहिली."

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नानांचं ज्ञान कच्चं नसतं. न घेणाऱ्या माणसाला अभ्यासाला जेवढा वेळ मिळतो तेवढा घेणाऱ्याला कधीच मिळत नाही. रात्री अकराला ओट्यावर मोबाइलचा उजेड दिसला की समजावं, नाना परदेशात आहेत. चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी त्याचं कीर्तन. बीएमडब्ल्यूने 2018 मध्येच एका गाडीला जमिनीवरची चार्जिंगची पाटी दिली होती, गाडी तिच्यावर उभी करायची, साडेतीन तासांत काम फत्ते. पोर्शने 2025 मध्ये अकरा किलोवॉटची दाखवली. अमेरिकेत डेट्रॉइटला 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पाव मैल रस्त्याखाली कॉइल पुरल्या, गाडी चालता चालता चार्ज होते. "चालता चालता!" नाना टेबलावर हात आपटतात. "आणि तुम्ही इथे बोर्डात पिन खुपसत बसा." टपरीवाल्याकडे गेल्याच महिन्यात घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर असते. तो मुकाट्याने चहा गाळतो.

टेस्लाचं नाव निघालं की नाना विशेष गहिवरतात. गाडीवाली टेस्ला नव्हे, माणूस. निकोला टेस्लाने बिनतारी वीज पाठवण्यासाठी न्यूयॉर्कजवळ मनोराच उभारला होता, पैसे संपले, 1917 साली तो पाडला गेला. "दाबलं त्याला," नाना म्हणतात, "तारवाल्यांनी." हे तारवाले कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही; पण रिवायंडिंगच्या दुकानाकडे बघून सांगतात.

त्या दुकानातले चाचा हा नानांचा खरा विरोधी पक्ष. चाचांनी चाळीस वर्षं शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी भरल्या. सबमर्सिबल असो, मोनोब्लॉक असो, जुनी काळी पडलेली तार ओढून काढायची, स्लॉटमध्ये कागद घालायचा, नवी तांब्याची कॉइल बसवायची, वार्निश मारून उन्हात ठेवायची. मे महिन्यात जामनेरचं ऊन भट्टीचं काम फुकटात करतं. गावात विजेबद्दल शेवटचा शब्द चाचांचा. नाना एकदा त्यांच्याकडे वायरलेसचं कीर्तन घेऊन गेले, तेव्हा मी तिथे पंख्याचा कंडेन्सर बदलायला बसलो होतो, म्हणून पुढचं समोरासमोर ऐकायला मिळालं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाना, शेतातल्या डीपीत काय असतं?"

"तेल."

"तेलात?"

नाना गप्प.

"दोन गुंडाळ्या. एकीत अकरा हजार व्होल्टची लाइन येते, दुसरीतून चारशेची निघते. दोघींचा एकमेकींशी तारेचा संबंध नाही. एक टाका जोडलेला नाही. तुमचं वायरलेस डीपीत बसलंय, आणि तुम्ही आयुष्यभर त्याच्याखाली बिडी ओढता."

खरंच आहे ते. फॅरडेने 1831 मध्ये हेच दाखवलं: एका गुंडाळीतली वीज बदलत राहिली की तिच्या भोवतीचं चुंबकत्व बदलतं, आणि ते बदलतं चुंबकत्व शेजारच्या गुंडाळीत वीज उभी करतं. डीपीत, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, या दोघींना लोखंडाच्या पट्ट्यांचा गाभा जोडून ठेवतो, चुंबकत्व इकडे तिकडे न सांडता पलीकडे पोचतं. गाडीच्या बाबतीत तो गाभा काढून घेतला. खाली जमिनीवर एक गुंडाळी, वर गाडीच्या पोटाला दुसरी, मध्ये वीतभर हवा. आता सांडणारच. म्हणून दोन युक्त्या करतात. घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. आधी तिचा डीसी करून मग तिला पंचाऐंशी हजारांच्या आसपास हेलकावे घ्यायला लावतात. आणि दोन्ही गुंडाळ्यांना कंडेन्सर जोडून दोघींचा ताल एकच ठेवतात. आखाजीला झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणीला ढकलताना आपण अंगातली सगळी ताकद लावत नाही. झोका परत आला की नेमक्या क्षणी हात लावतो आणि झोका आंब्याच्या फांदीपर्यंत जातो. तसे हे दोन कंडेन्सर. 1890 च्या दशकात टेस्लाने आणि फ्रान्समधल्या युतॅं-लब्लाँ जोडीने याच वाटेने विचार केला होता. त्या जोडीने 1894 मध्ये आगगाडीसाठी पेटंटही घेतलं. म्हणजे नानांच्या 'नव्या'ला आता सव्वाशे वर्षं होऊन गेली.

चाचांचा नातू पॉलिटेक्निकला आहे. त्याने प्रदर्शनासाठी केलेला खेळ मागच्या फळीवर होता, तो चाचांनी काढला. पुठ्ठ्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, एक ट्रान्झिस्टर, एक सेल. दुसऱ्या पुठ्ठ्यावर नुसते वेढे आणि टोकांना छोटा एलईडी. दुसरा पुठ्ठा पहिल्यावर धरला आणि दिवा लागला. कशालाही काही चिकटलेलं नव्हतं. नानांचे डोळे असे झाले की मला वाटलं, आता हा माणूस खिशात हात घालणार. चाचांनी पुठ्ठा दोन बोटं वर नेला, दिवा मंदावला. चार बोटं नेला, विझला. थोडा बाजूला सरकवला तरी विझला. मध्ये हात धरला, काही फरक नाही. मग डब्याचं पत्र्याचं झाकण मध्ये सरकवलं, खलास.

"बघितलं? म्हणून गाडी नेमकी उभी करावी लागते," नातू आतून म्हणाला. गाड्यांसाठी 2020 मध्ये जे अमेरिकी मानक ठरलं, त्यात गाडी पुढेमागे साडेसात सेंटिमीटर आणि बाजूला दहा सेंटिमीटर चुकली तरी चालतं, त्याहून जास्त नाही.

मी आमच्या बाजारपट्ट्याचा विचार केला. तिथे माणूस मोटारसायकल जिथे आठवण येईल तिथे सोडतो आणि चावी काढायलाही विसरतो. दहा सेंटिमीटर!

पत्र्याच्या झाकणाची गोष्टही गमतीची आहे. अशा बदलत्या चुंबकत्वात धातू आला की तो तापतो. त्यामुळे जमिनीवरच्या पाटीला पहारा लागतो: नाणं, खिळा, चांदीचा कागद पडला की तिने ओळखायचं आणि वीज बंद करायची. गाडीखाली मांजर येऊन बसलं तर तेही ओळखायचं. परदेशात हे अधूनमधून घडत असेल. आमच्या स्टँडवर अशी पाटी बसवली तर दिवसभरात ती किती मिनिटं चालू राहील, याचा हिशेब चाचांनी बोटांवर करायला घेतला आणि सोडून दिला.

चाचा खरे हळवे झाले ते तारेपाशी. इतक्या वेगाच्या हेलकाव्यांत वीज जाड तारेच्या आतून जात नाही, कातडीवरूनच पळते. म्हणून एक जाड तार न घेता केसासारख्या शेकडो तारा, प्रत्येकीला वेगळं वार्निश, आणि त्यांचा एकत्र पीळ वापरतात. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती तार एकदा हातात घेऊन बघायचीये." नानांपेक्षा चाचांचं वेड मला जास्त पटलं. त्यांना वस्तू हवी होती.

पण नानांना मोठं बळ मिळालं ते 2025 च्या मे महिन्यात, आणि तेही नागपूरहून. तिथल्या व्हीएनआयटीने आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने मिळून देशी वायरलेस चार्जर तयार केला, तंत्र एका कंपनीच्या हवाली केलं, अशी बातमी आली. दीड किलोवॉटचा. घरातल्या साध्या 230 व्होल्टवर चालणारा, साडेबारा सेंटिमीटर हवेतून 48 व्होल्टची बॅटरी भरणारा, सुमारे तीन तासांत नव्वद टक्क्यांपर्यंत. जास्तीत जास्त 89.4 टक्के वीज पलीकडे पोचते. नानांनी ती बातमी आळीत घरोघर वाचून दाखवली. "नागपूर! म्हणजे भुसावळहून गाडीत बसलं की उतरायचं तिथेच!" त्याच संध्याकाळी ते टेप घेऊन लुनाच्या पोटाची जमिनीपासूनची उंची मोजत होते. बॅटरी नसलेल्या लुनाची.

आप्पांनी विचारलं, "उरलेली दहा टक्के कुठे जाते नाना?"

"गरम होते."

"जळगाव जिल्ह्यात? मेमध्ये? अजून गरम?"

दहा टक्क्यांवरून नानांना चिडवणं अन्यायाचं आहे. वायर लावली तरी चार्जरमध्ये काही वीज वाया जातेच, फरक थोड्या टक्क्यांचा. आणि वायर नसण्याचे फायदे आमच्याकडे जगात कुठे नसतील इतके आहेत. विहिरीवरची केबल रात्रीतून चोरीला जाते, तांबं काढून घेतात. परदेशातही आता चार्जिंग स्टेशनच्या केबल कापून नेतात म्हणे, म्हणजे त्या बाबतीत ते आपल्या बरोबरीला आले. बिनवायरीचं काय चोरणार? एक प्रश्न मात्र टपरीवर निघाला आणि त्याचं उत्तर नानांनाही देता आलं नाही: "मग याच्यावर आकडा कसा टाकायचा?"

डेट्रॉइटसारखा रस्ता आपल्याकडे करायचा म्हणजे आधी रस्ता खोदावा लागेल. ती तयारी आपली उत्तम आहे. जळगावहून नेरी, पहूर, फर्दापूरकडे जाणारा रस्ता वर्षानुवर्षं उकरून पडलेला आम्ही पाहिला आहे. बुजवण्याचा अनुभव तेवढा कमी पडतो.

शेवटी नानांच्या घरात निकाल काकूंनी लावला. भिशी लागली, त्या भाचीला घेऊन जळगावला गेल्या आणि वायरवाली स्कूटर घेऊन आल्या. कुणाला विचारलं नाही. ओट्यावरच्या बोर्डात रात्री पिन लावतात, टॉवेल वाळत घालायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागत नाही. सकाळपर्यंत दोन-तीन युनिट जळतात आणि दिवसभर बाजार, बँक, भजनी मंडळ सगळं होतं. नाना मागे बसतात. पुढे बसून चालवणाऱ्या काकूंना ते वाटभर सांगत असतात की ही आता जुनी झाली. काकू हॉर्न वाजवतात.

नानांचं चुकतं कुठे, हे मला बरेच दिवस शोधावं लागलं, कारण त्यांची माहिती कधी चुकत नाही. ते चुकीच्या रांगेत उभे आहेत, एवढंच. ज्याच्या दारात ओटा आहे आणि ओट्यावर बोर्ड आहे, त्याला वायरलेसची गरजच काय? ती गरज त्या गाडीची, जी दिवसभर त्याच त्या दोन ठिकाणी दहा दहा मिनिटं उभी राहते आणि जिच्या ड्रायव्हरला दर वेळी उतरून जड केबल जोडायला सवड नसते. इंग्लंडच्या मिल्टन कीन्स गावात 2014 पासून आठ बस अशाच चालवून पाहिल्या: मार्गाच्या टोकाला जमिनीत 120 किलोवॉटची पाटी, बस तिच्यावर दहाएक मिनिटं उभी, की निघाली. दक्षिण कोरियाच्या गुमीत 2013 मध्ये 24 किलोमीटरचा बसमार्ग केला. खासगी मोटारवाल्यांच्या आधी हे तंत्र बसला लागू पडलं, आणि ते तसंच असायला हवं.

आणि असा मार्ग आमच्यापासून तासाभरावर आहे. अजिंठ्याला जाताना फर्दापूरच्या टी-पॉइंटवर सगळ्यांच्या खासगी गाड्या थांबतात, लेण्यांना धूर लागू नये म्हणून. पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. इकडे भरेपर्यंत बस उभी, तिकडे लेण्यांच्या पायथ्याशी पुन्हा उभी, दिवसभर तेच. थांबा ठरलेला, ड्रायव्हर रोजचे, अंतर छोटं. दहा सेंटिमीटरचा नेम धरायला यांच्यापेक्षा सरावलेले हात कुठे मिळणार? नागपूरचं यंत्र आज रिक्षापुरतं आहे, बसला त्याच्या ऐंशीपट लागेल, हे खरं. म्हणून आधी एखाद्या ई-रिक्षा स्टँडवर पाटी टाकून दोन पावसाळे काढावेत, मग एका बससाठी फर्दापूरला. एसटी महामंडळाने आणि व्हीएनआयटीने एकत्र बसून हे करून पाहावं, आणि बरंवाईट जे येईल ते आकड्यांनिशी लोकांपुढे ठेवावं. तारेचं काम चाचांना दाखवायला बोलवावं. समिती नेमावीच लागली तर नेमावी, फक्त तिच्यावर नानांना घेऊ नये.